दहा भाष्यं आणि एकच सूर: योहान 6 सॉफ्टवेअरमध्ये कसा शोधावा

सलाम.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मिरजेतल्या बायबल अभ्यासवर्गात पुढच्या महिन्यात योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय घ्यायचा आहे. वर्गात सी.एन.आय.ची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची) मंडळी आहेत, दोन कॅथलिक कुटुंबं आहेत, सांगलीहून येणारे पेन्टेकॉस्टल तरुण आहेत आणि हॉस्पिटलात काम करणाऱ्या केरळच्या ऑर्थोडॉक्स सिस्टर आहेत. तुम्ही लॅपटॉपवर ई-स्वोर्ड हे बायबल सॉफ्टवेअर टाकलं, फुकट मिळतील तेवढी भाष्यं उतरवून घेतली आणि 51 ते 58 या ओव्या उघडल्या, येशू आपला देह खायला आणि रक्त प्यायला सांगतो त्या. जवळपास सगळ्यांचं म्हणणं एकच निघालं: इथे प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या संस्काराचा, संबंध नाही, देह खाणं म्हणजे विश्वास ठेवणं. तुम्ही विचारता, सगळे भाष्यकार एकमुखाने हे सांगत असतील तर कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स लोक वेगळा अर्थ काढतात कुठून? आणि लोगोस या मोठ्या बायबल सॉफ्टवेअरची वर्गणी भरली तर याचा उलगडा होईल का?

वर्गणीचं शेवटी बघू. आधी ते ‘सगळे’ कोण आहेत ते पाहा. मॅथ्यू हेन्री हे इंग्लंडमधले प्रेस्बिटेरियन पाळक, 1714 मध्ये वारले. जॉन गिल लंडनचे बॅप्टिस्ट, मृत्यू 1771. ॲडम क्लार्क मेथडिस्ट, मृत्यू 1832. आल्बर्ट बार्न्स फिलाडेल्फियाचे प्रेस्बिटेरियन, मृत्यू 1870. जेमिसन, फॉसेट आणि ब्राउन या तिघांचं भाष्य 1871 चं. यांची आपापसात कमी भांडणं नव्हती. पूर्वनियोजनाच्या, म्हणजे कोणाचं तारण होणार हे देवाने आधीच ठरवलंय का या, प्रश्नावर गिल आणि क्लार्क यांना एका खोलीत बसवलं असतं तर दार लावून घ्यावं लागलं असतं. पण रोमच्या, म्हणजे कॅथलिक, मताला उत्तर द्यायची वेळ आली की सगळे एका रांगेत. सगळे इंग्रजीत लिहिणारे, सगळे प्रोटेस्टंट, सगळे विसाव्या शतकाच्या आधीचे.

हीच माणसं तुमच्या लॅपटॉपवर का आली? कारण कायद्याचं आहे, त्यात धर्मशास्त्र शोधू नका. लेखकाच्या मृत्यूनंतर ठरावीक वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, आपल्याकडे ती मुदत 60 वर्षांची आहे. मुदत संपलेली पुस्तकं कोणीही टंकून फुकट वाटू शकतो. बायबल सॉफ्टवेअरचं जग उभं केलं ते मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्या इव्हँजेलिकल (बायबलवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) लोकांनी, आणि त्यांनी स्वतःच्या कपाटातली जुनी पुस्तकं आधी चढवली. आपल्याच गल्लीत मतदान घ्यायचं आणि गावाचा निकाल जाहीर करायचा, तसा हा एकमुखी सूर आहे.

आपल्या भागातल्या माणसाला तर तो आणखी ओळखीचा वाटतो. मिरज-सांगलीकडे काम केलं अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने, डॉ. वानलेस यांचं हॉस्पिटल 1894 चं, त्याच मिशनचं. साताऱ्याकडे अमेरिकन मराठी मिशन, म्हणजे बहुतांशी काँग्रिगेशनल परंपरा. रेव्हरंड टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तो याच मिशनची चाकोरी सोडून. पुढे 1924 मध्ये उत्तर हिंदुस्थानातल्या संयुक्त मंडळीत प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल एकत्र आले, आणि 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सी.एन.आय. झाली तेव्हा त्यात अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स असे सगळे मिसळले. तुमच्या वर्गातल्या सी.एन.आय.च्या बाकावरच निदान तीन परंपरांचे नातू बसलेले आहेत. त्यांना एक ‘प्रोटेस्टंट मत’ म्हणून मोजायला गेलात तर तिथेच गडबड होईल.

म्हणून शोधाची पेटी उघडण्याआधी ग्रंथालयाला चिठ्ठ्या लावा. प्रत्येक भाष्यापुढे लिहा: लेखक कोण, कुठला, कधीचा, कुठल्या मंडळीचा, आणि कोणाला उत्तर देतोय. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मी ही यादी साध्या वहीत ठेवतो. लोगोसमध्ये हे काम सोपं आहे: पुस्तकांना स्वतःचे टॅग लावता येतात, टॅगवरून कलेक्शन बनवता येतं आणि शोध तेवढ्याच कलेक्शनपुरता लावता येतो. त्याच्या पॅसेज गाइडमध्ये भाष्यं लेखकाच्या पंथानुसार किंवा काळानुसार लावून बघायचीही सोय आहे. सोय चांगली, पण तयार शिक्क्यांवर विसंबू नका. पाचव्या शतकातल्या ऑगस्टीनवर ‘कॅथलिक’ असा शिक्का मारला की ल्यूथर आणि कॅल्विन या प्रोटेस्टंट सुधारकांनी सगळ्यात जास्त भिस्त त्याच्यावरच ठेवली होती हे झाकलं जातं. म्हणून पाचव्या शतकापर्यंतच्या सगळ्यांचं मी एक वेगळं कलेक्शन ठेवतो आणि त्याला कुठल्याच पंथाचं नाव देत नाही.

आता न दिसणारे आवाज आणायचे. त्यासाठी पैसे लागत नाहीत. आद्य धर्मपित्यांचा, म्हणजे सुरुवातीच्या शतकांतल्या ख्रिस्ती शिक्षकांचा, 38 खंडांचा जुना इंग्रजी संच सीसीईएल या संकेतस्थळावर पूर्ण आहे, आणि त्यातला बराचसा मजकूर न्यू ॲडव्हेंट या कॅथलिक संकेतस्थळावरही आहे. योहानाच्या शुभवर्तमानावर ऑगस्टीनची 124 प्रवचनं आहेत आणि पूर्वेकडच्या योहान क्रिसोस्टोम या धर्मपित्याची 88. आपल्याला हवी ती ऑगस्टीनची 25 आणि 26 क्रमांकाची, आणि क्रिसोस्टोमची 46 आणि 47. एवढंच आधी उघडा, शेजारी शेजारी.

इथे जरा थांबतो, कारण सॉफ्टवेअर कसं फसवतं आणि कसं सोडवतं ते दोन्ही या चार प्रवचनांत दिसतं.

ऑगस्टीनचं एक वाक्य तुम्हाला प्रोटेस्टंट लेखनात वारंवार भेटेल: दात आणि पोट कशाला तयार करतोस, विश्वास ठेव म्हणजे तू खाल्लंसच. देह खाणं म्हणजे विश्वास, याला पुरावा म्हणून ते दिलं जातं. आता ते वाक्य मूळ जागी जाऊन शोधा. ते 25 व्या प्रवचनात आहे, आणि तिथे तो 29 व्या ओवीवर बोलतोय, म्हणजे ‘ज्याला देवाने पाठवलं त्याच्यावर विश्वास ठेवावा’ या ओवीवर. देह आणि रक्ताच्या ओव्या येतात पुढच्या, 26 व्या प्रवचनात. आणि तिथे तो सरळ सांगतो की या गोष्टीचा संस्कार प्रभूच्या मेजावर मांडला जातो, कुठे रोज, कुठे काही दिवसांच्या अंतराने. मग कॅथलिक जिंकले का? थोडं खाली या. त्याच प्रवचनात तो म्हणतो की जो ख्रिस्तामध्ये राहत नाही, तो दातांनी संस्कार चावत असला तरी खऱ्या अर्थाने त्याचा देह खात नाही. इंग्लंडच्या चर्चच्या श्रद्धेच्या 39 कलमांपैकी 29 वं कलम नेमकं याच मुद्द्यावर ऑगस्टीनची साक्ष काढतं. म्हणजे एकाच प्रवचनातून दोन्हीकडचे लोक पाणी भरतात, आणि दोघांचीही घागर रिकामी राहत नाही. हे भाष्याच्या खिडकीत कधीच दिसत नाही, कारण तिथे उद्धृत वाक्य तेवढंच येतं. उद्धृत मिळालं की मूळ जागी जायचं, आणि वरचं-खालचं पान वाचायचं. सॉफ्टवेअरचा खरा उपयोग हा आहे की या कामाला आता एक क्लिक लागतो; पूर्वी पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयाची वारी करावी लागायची.

क्रिसोस्टोमची गोष्ट वेगळी. 46 व्या आणि 47 व्या प्रवचनांत तो या ओव्या थेट पवित्र मेजाशी जोडतो, तेही इतक्या ठासून की आपल्याकडचा वाचक दचकतो. आणि 63 वी ओवी, देहापासून काही लाभ नाही ही, तिच्याबद्दल त्याचं म्हणणं असं: येशू इथे स्वतःच्या देहाबद्दल बोलत नाही, तर त्याचे शब्द देहबुद्धीने ऐकणाऱ्यांबद्दल बोलतोय. ही ओवी लक्षात ठेवा. हजारेक वर्षांनंतर स्विस सुधारक झ्विंग्लीने, भाकर हे देहाचं नुसतं चिन्ह आहे या आपल्या मताचा खांब म्हणून तीच धरली, आणि 1529 मध्ये मारबुर्गला ल्यूथर त्याच्यासमोर मेजावर खडूने ‘हे माझे शरीर आहे’ हे शब्द लॅटिनमध्ये लिहून बसला.

तुमच्या वर्गाला सगळ्यात जास्त चकित करणारा भाग याच्या पुढचा आहे. प्रभुभोजनात ख्रिस्ताचा देह खरोखर आहे असं मानणारा ल्यूथर 1520 मध्ये लिहितो की योहान 6 हा त्या वादातून बाजूलाच ठेवा, तो संस्काराबद्दल नाहीच. त्याच ल्यूथरची ज्याने ऑग्सबर्गला चौकशी केली तो कार्डिनल काजेटान, पक्का कॅथलिक, तोही म्हणतो की हा अध्याय आत्मिक खाण्याबद्दल आहे. असं का, ते बघायला बोहेमियात जावं लागतं. तिथल्या हुस या सुधारकाच्या अनुयायांनी 53 वी ओवी पुढे करून मागणी केली होती की रक्त पिण्याची आज्ञा आहे तर सामान्य भाविकांनाही नुसती भाकर नको, द्राक्षारसाचा प्यालाही द्या. त्यामुळे ही ओवी संस्काराबद्दल आहे असं ठामपणे म्हणणं कॅथलिक बाजूला तेव्हा अडचणीचं होतं. 1562 मध्ये ट्रेंटच्या कॅथलिक धर्मसभेने प्याल्याच्या प्रश्नावर निर्णय दिला तेव्हा योहान 6 चा अर्थ एका शब्दात बांधून टाकला नाही. पवित्र पित्यांच्या आणि पंडितांच्या वेगवेगळ्या अर्थांप्रमाणे तो कसाही घेतला तरी, अशी पळवाट ठेवूनच वाक्य लिहिलं. ‘कॅथलिक असं म्हणतात आणि प्रोटेस्टंट तसं’ असा दोन रकान्यांचा तक्ता करून वर्गात गेलात, तर ल्यूथर आणि काजेटान यांना कुठे बसवणार?

यातलं बरंचसं तुम्हाला ओवीनुसार उलगडणाऱ्या भाष्यांत सापडणार नाही. भाष्याची खिडकी बायबलच्या ओवीबरोबर सरकते. ल्यूथरचा निबंध, धर्मसभेचा ठराव, प्रश्नोत्तरावली, उपासनेचं पुस्तक यांना ओव्यांचा क्रम नसतो, म्हणून ती तिथे सरकत नाहीत आणि आपल्याला वाटतं की नाहीतच. त्यांच्यासाठी ओवीचा संदर्भ शोधायचा. लोगोससारख्या सॉफ्टवेअरमध्ये संदर्भाचा शोध आणि अक्षरांचा शोध वेगळे असतात. ‘योहान 6:53’ अशी अक्षरं शोधलीत तर तेवढंच छापलेलं पान मिळेल. संदर्भ म्हणून शोधलीत तर ‘6:51-58’ असं लिहिलेलंही सापडेल. सीसीईएलवर बऱ्याच पुस्तकांच्या शेवटी शास्त्रवचनांची सूची असते, तिचाही तोच उपयोग.

हे करून बघितलं की एक मजेदार गोष्ट हाती लागते. कॅल्विन आपल्या भाष्यात म्हणतो की हे प्रवचन प्रभुभोजनाबद्दल नाही. पण लगेच जोडतो की इथे सांगितलेलं असं काहीच नाही जे प्रभुभोजनात दाखवलं आणि खरोखर दिलं जात नाही. आणि त्याच्याच परंपरेतली 1563 ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावली उघडा. 76 वा प्रश्न, ख्रिस्ताचा देह खाणं म्हणजे काय, हा प्रभुभोजनाच्या प्रकरणात आहे आणि त्याखाली दाखले योहान 6 चेच आहेत. अँग्लिकनांच्या 1549 च्या प्रार्थनापुस्तकात मेजाकडे जाण्याआधीची नम्रतेची प्रार्थना आहे. त्याचा देह खाऊन आणि रक्त पिऊन आम्ही त्याच्यात आणि तो आमच्यात राहावा, हे मागणं 56 व्या ओवीवरूनच घेतलेलं. कॅथलिक कॅटेकिझमचा, म्हणजे त्यांच्या अधिकृत शिकवणीच्या पुस्तकाचा, परिच्छेद 1384 हीच 53 वी ओवी ख्रिस्तप्रसादाचं निमंत्रण म्हणून देतो. भाष्यात मंडळी काय म्हणते आणि गुडघ्यावर बसून काय म्हणते, या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या शोधाव्या लागतात. परंपरा समजायची तर मी दुसरीला जास्त वजन देतो. कॅथलिक वाचनक्रमात दर तीन वर्षांनी एकदा, मार्कच्या वर्षात, जुलै-ऑगस्टच्या सुमाराला पाच रविवार हा एकच अध्याय चालतो. तुमच्या कॅथलिक कुटुंबांनी तो मिस्सामध्ये (उपासनेत) ऐकलेला आहे, भाष्यात वाचलेला नसेल. त्यांना ‘या ओवीवर तुमचं मत काय’ असं विचारण्यापेक्षा ‘हा पाठ तुमच्याकडे कधी वाचतात’ असं विचारा.

शोधशब्दांबद्दल. तुम्ही ‘प्रभुभोजन’ किंवा त्याचा इंग्रजी पर्याय टाकून शोधलंत तर तो शब्द वापरणारेच लोक सापडणार. कॅथलिक लेखनात युखरिस्ट आणि मिस्सा. पूर्वेकडच्या लेखनात ‘रहस्ये’ किंवा ‘दैवी उपासना’. सिरियाक परंपरेत कुर्बाना. ब्रेदरनकडे ‘भाकर मोडणे’. एका ओळीत हे सगळे ‘किंवा’ने जोडून शोध लावा. क्रिसोस्टोमच्या इंग्रजी अनुवादात बहुतेक जागी ‘रहस्ये’ हाच शब्द भेटेल, आणि तो शोधला नाहीत तर त्या प्रवचनांत मेजाचा विषयच नाही असा तुमचा समज होईल.

मराठी मजकुरात शोधताना निराळाच ताप. सॉफ्टवेअरला मराठीची सामान्यरूपं कळत नाहीत. ‘भाकर’ टाकलीत तर ‘भाकरी’ कदाचित सापडेल, पण ‘पाणी’ टाकून ‘पाण्यावरून’ सापडणार नाही. शब्दाचा न बदलणारा भाग टाका आणि पुढे तारांकन. त्याहून चीड आणणारी गोष्ट म्हणजे ‘दुसऱ्या’मधला र. 22 वी ओवी ‘दुसऱ्या दिवशी’ अशी सुरू होते. ती तुमच्या कीबोर्डवरून टंकून शोधलीत आणि शून्य उत्तरं आली तर घाबरू नका. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. डोळ्यांना सारखा दिसतो, संगणकाला वेगळा. ओवीतलाच शब्द उचलून शोधपेटीत चिकटवायचा, काम होतं. मोबाइलवर अँडबायबल घ्या: फुकट, जाहिराती नाहीत, आणि पुस्तकं एकदा उतरवली की नेट लागत नाही. त्यात आय.आर.व्ही. हे मराठी भाषांतर मिळतं. पण बायबल सोसायटीचं छापील पवित्र शास्त्र शेजारी ठेवाच, वर्गातल्या निम्म्या लोकांच्या हातात तेच असणार आणि त्यांना तोंडपाठ तेच आहे.

ओव्यांच्या क्रमांकांचा घोळही या अध्यायात लगेच भेटतो. 31 व्या ओवीत लोक ‘स्वर्गातून भाकर’ या वचनाचा दाखला देतात. तळटीप तुम्हाला स्तोत्र 78:24 वर नेते. पण ग्रीक आणि लॅटिन क्रमाने तेच स्तोत्र 77 वं. जुन्या लॅटिन ग्रंथातला ‘स्तोत्र 77’ हा दुवा आपल्या मराठी बायबलात उघडलात की भलतंच स्तोत्र समोर येतं. चांगली सॉफ्टवेअर ही जुळणी आपोआप करतात, फुकटची काही करत नाहीत. दुसरं असं की कॅथलिक बायबलात 73 पुस्तकं आहेत. मान्न्याबद्दलची (स्वर्गातून मिळालेल्या त्या भाकरीबद्दलची) त्यांची आवडती ओवी शलमोनाच्या नावावरच्या ज्ञानग्रंथात आहे, 16:20. तुमच्या सॉफ्टवेअरमधलं बायबल 66 पुस्तकांचं असेल तर तो दुवा मेलेला असेल, आणि दुवा मेला म्हणून दाखला नव्हता असं होत नाही. ते पुस्तक असलेली एखादी तरी आवृत्ती आधी उतरवून ठेवा.

केरळच्या सिस्टरबद्दल सांभाळून. सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑर्थोडॉक्स’ या नावाखाली जे मिळतं ते बहुतेक ग्रीक-रशियन, म्हणजे बायझंटाइन परंपरेचं असतं. 2008 ची ऑर्थोडॉक्स स्टडी बायबल त्यातलीच. सिस्टर बहुधा केरळच्या मलंकरा परंपरेच्या असतील, म्हणजे 451 ची खाल्सिदोनची धर्मसभा न मानणाऱ्या, पश्चिम सिरियाक उपासनेच्या कुळातल्या. दोन्हींना सामाईक असा माणूस हवा तर अलेक्झांड्रियाचा सिरिल घ्या. 444 मध्ये वारला, दोन्ही घरं त्याला आपला म्हणतात, आणि योहान 6 वर त्याच्याइतकं भरघोस लिहिणारे थोडे. तो त्या 38 खंडांत नाही. त्याचा एकोणिसाव्या शतकातला वेगळा इंग्रजी अनुवाद आहे, शोधलात तर नेटवर सापडतो. सिस्टरना एक विचारा: तुमच्याकडे तान्ह्या बाळाला बाप्तिस्म्याच्या वेळीच कुर्बाना देतात ना? देतात. ‘खाल्ला नाहीत तर तुमच्यामध्ये जीवन नाही’ ही ओवी त्या घरात किती अक्षरशः घेतली जाते ते यावरून वर्गाला एका मिनिटात कळेल.

पेन्टेकॉस्टल बाजूला सॉफ्टवेअर तोकडं पडतं. गॉर्डन फी यांच्यासारखे मोठे अभ्यासक त्या परंपरेतून आले, त्यांचं करिंथकरांस पहिल्या पत्रावरचं 1987 चं भाष्य कुठल्याही मंडळीचा माणूस वापरतो. पण त्या परंपरेचा बहुतेक विचार उपदेशात, साक्षीत आणि गाण्यात वाहतो, टीकाग्रंथात कमी. शोधात काही आलं नाही याचा अर्थ त्यांना काही म्हणायचं नाही असा घेऊ नका. सांगलीच्या पोरांनाच दहा मिनिटं द्या.

एकच पुस्तक वाचायला वेळ असेल तर थॉमस अक्विनास या कॅथलिक पंडिताची ‘कातेना औरिया’ उघडा. तेराव्या शतकातलं, चारही शुभवर्तमानांवर, ओवीनुसार, नुसत्या जुन्या भाष्यकारांच्या उताऱ्यांची माळ. इंग्रजी अनुवाद 1840 च्या दशकातला, फुकट. योहान 6 वर त्यात ऑगस्टीन, क्रिसोस्टोम यांच्यासोबत थिओफिलॅक्ट येतो, म्हणजे पूर्व-पश्चिम फुटीनंतरचा बायझंटाइन आर्चबिशप, आणि त्याला लॅटिन पंडित आदराने उद्धृत करतोय. उतारे तोडलेले आहेत हे मात्र विसरू नका. वर ऑगस्टीनचं सांगितलं तेच इथेही.

हल्ली या सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये एआय आलंय. ‘योहान 6:53 वर पाच परंपरांची मतं सांग’ म्हटलं की पाच गुळगुळीत परिच्छेद समोर येतात. नावं शोधायला ते ठीक आहे. त्यातलं एकही वाक्य मूळ ग्रंथात डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वर्गात नेऊ नका, विशेषतः अवतरणचिन्हातलं.

वर्गासाठी मी असं करेन. एका कागदावर पाच उतारे छापायचे, नावं न घालता: ऑगस्टीन 26, क्रिसोस्टोम 47, कॅल्विन, हायडेलबर्ग 76, कॅटेकिझम 1384. प्रत्येक उतारा सहा-सात ओळींचा, मराठीत तुम्हीच साध्या शब्दांत केलेला. आधी अध्यायाच्या 22 ते 71 या ओव्या सलग मोठ्याने वाचा, कारण बहुतेक भांडणं 53 वर सुरू होतात आणि 63 पर्यंत पोचत नाहीत. मग उतारे वाटा आणि कोणता कोणाचा ते ओळखायला सांगा. कॅल्विनचा उतारा कॅथलिक कुटुंबाकडे द्या वाचायला. नावं उघड केल्यावर ज्याच्या परंपरेचा उतारा असेल त्याला विचारा, तुमचं म्हणणं यात नीट आलंय का. तो ‘हो’ म्हणाला तरच तुमचा शोध बरोबर झाला असं धरा. पाळकसाहेबांना आणि फादरांना आधी कल्पना द्या. मागाहून कानावर गेलं की उगाच गैरसमज होतात.

आता वर्गणी. लोगोस 2024 पासून वर्गणीच्या पद्धतीवर गेलंय, आणि त्यातली मोठी ग्रंथालयं पंथानुसार बांधलेली असतात. तुमच्या पंथाचं पॅकेज घेतलंत तर हेन्री आणि बार्न्सच्या जागी त्यांचे आजचे वारसदार येतील, सूर तोच राहील. घ्यायचंच ठरलं तर पॅकेजऐवजी आपल्याकडे नसलेल्या परंपरेची दोन-तीन पुस्तकं सुटी घ्या. त्याच कंपनीची व्हर्बम ही कॅथलिक आवृत्ती आहे, तिचा संग्रह चाळून बघा, पुस्तक कुठूनही घेतलं तरी खातं एकच. पण योहान 6 पुरतं तरी एक रुपयाही लागत नाही. केंब्रिजच्या टिंडेल हाउसचं स्टेप बायबल मूळ ग्रीक मजकुरासाठी, अँडबायबल मोबाइलवर मराठीसाठी, तुमचं ई-स्वोर्ड आहेच, आणि धर्मपित्यांसाठी ती दोन संकेतस्थळं. कुर्बानाचं प्रार्थनापुस्तक मात्र सिस्टरकडूनच मागून आणा. त्यांच्याकडे मल्याळम-इंग्रजी असं समोरासमोर छापलेलं असेल तर आणखी चांगलं. नसेल तर त्या वाचून सांगतील, तुम्ही लिहून घ्या.